एकाच चिखलाचे तीन आकडे

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी माझ्या दोन विद्यार्थिनी प्रयोगशाळेत एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. दोघी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, एक ऐरोलीची, दुसरी कळव्याची. प्रकल्प एकत्र, डबाही एकत्र, त्यामुळे हा अबोला नवीनच होता. टेबलावर दोन कागद पडले होते. एकावर ७.८ टक्के, दुसऱ्यावर २.१. दोन्ही आकडे सेंद्रिय कार्बनचे, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून आलेल्या कार्बनचे, ठाणे खाडीतून काढलेल्या एकाच नळीतल्या गाळाच्या अगदी वरच्या दोन सेंटिमीटर चकतीचे.

"मॅडम, हिने भट्टीतली वजनं चुकवलीत," ऐरोलीची म्हणाली.

"मी नाही हं. तुझ्या त्या बाहेरच्या लॅबने घोळ घातलाय."

पुढचे पाच आठवडे हे भांडण सोडवण्यात गेले. वजनं चुकली नव्हती. लॅबने घोळ घातला होता, पण कळव्याचीला वाटत होता तो नव्हे. आणि सगळ्यांत मोठी चूक माझी होती, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

खाडीच का

दोघींना खरं तर महासागराचा तळ हवा होता. विषयाची ओढ समजण्यासारखी आहे. समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात सूक्ष्म वनस्पती वर्षाला साधारण ५० अब्ज टन कार्बन बांधतात. त्यातला बहुतेक वरच्या वर खाल्ला जातो, खाली पडणाऱ्याचा जिवाणू फडशा पाडतात, आणि तळाच्या गाळात कायमचा गाडला जातो तो शंभरातला एक भागही नाही. पण ही चिल्लर लाखो वर्षं साठत आली आहे. जगातल्या समुद्रतळाच्या फक्त वरच्या एक मीटर गाळात सुमारे २.३ लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन असल्याचा अंदाज आहे. वातावरणातल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जेवढा कार्बन आहे त्याच्या दुपटीहून हा जास्त.

आपल्या अरबी समुद्रात तर या अभ्यासाला वेगळीच धार आहे. साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीच्या पट्ट्यात तिथे प्राणवायू जवळपास नसतोच. पश्चिम किनाऱ्याबाहेरचा उतार या पट्ट्याला जिथे टेकतो, तिथल्या गाळात सेंद्रिय कार्बन कित्येक टक्के सापडतो. उलट खोल समुद्रातल्या तांबूस मातीत तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. हे कशामुळे, वरून जास्त पडतं म्हणून की खाली कमी कुजतं म्हणून, यावर समुद्रशास्त्रज्ञांनी आयुष्यं घालवली आहेत.

पण त्यासाठी जहाज लागतं. 'सागर कन्या' किंवा 'सिंधु साधना'वर आमच्या प्रकल्पाला कोण जागा देणार? म्हणून खाडी. मी त्यांना म्हटलं, खाडी हाही समुद्राचा तळच आहे, फक्त दिवसातून दोनदा उघडा पडणारा. फरक आहेत, आणि ते मोठे आहेत. खोल समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर गाळ साचतो, खाडीत तेवढा काही वर्षांतच साचू शकतो. इथे तिवरांचा पाला आहे, दोन्ही काठांच्या वस्त्यांचं सांडपाणी आहे, पावसात डोंगरावरून उतरणारी माती आहे. पण गाळातला कार्बन मोजायची रीत तीच. आणि हे प्रकरण त्या रीतीचंच आहे.

नळी

जागा ठरली विटाव्याच्या बाजूला, तिवरांच्या रांगेबाहेर, ऐरोली पुलाच्या वरच्या अंगाला. तिवरं म्हणजे कांदळवन, त्यामुळे परवानगी रीतसर घेतली. पौर्णिमेच्या आसपास मुंबईला सकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी सगळ्यांत खाली असतं. खाडीच्या या टोकाला ते थोडं उशिरा उतरतं. जानेवारीतल्या त्या सकाळी आठला आम्ही चिखलात उभ्या होतो. पायाखाली निवट्या उड्या मारत होत्या.

गाळ काढायचं आमचं यंत्र म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातला तीन इंची पीव्हीसी पाइप, एक मीटर लांब, खालची कड कानस मारून धारदार केलेली. होडीवाले काका विटाव्याचेच कोळी. मी हातोडी काढल्यावर ते म्हणाले, "बाई, ठोकू नका. चिखल आत शिरत नाय, दबतो नुसता. फिरवत फिरवत घाला." जाळ्याचे खुंट रोवण्यात त्यांची हयात गेली होती. मी मान डोलावली आणि पाणी परत चढायच्या घाईत ठोकलंच.

नळी ७५ सेंटिमीटर आत गेली. वर बूच घट्ट बसवून ओढून काढली आणि आतला गाळ मोजला तर ६१ सेंटिमीटर. ऐरोलीचीने दोन्ही आकडे वहीत लिहिले. त्यातला एकच पुढे वापरला गेला, आणि तोही चुकीच्या ठिकाणी. ते पुढे येईल.

कॉलेजात आल्यावर खालून रबरी बुचाने गाळ वर ढकलत, मासेमारीच्या तंगुसाने दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या कापल्या. हे काम बघण्यासारखं असतं. सगळ्यांत वर काही मिलिमीटरचा तपकिरी पापुद्रा, त्याखाली एकदम काळाभोर, मऊ, कुजक्या अंड्यांच्या वासाचा गाळ. त्यात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे तुकडे, अळ्यांची बिळं, तिवराच्या मुळांचे तंतू. खाली खाली काळेपणा कमी होऊन करडा, चिकट, जवळजवळ कुंभाराच्या मातीसारखा. तपकिरी पापुद्र्यापर्यंतच प्राणवायू पोचतो. त्याखाली जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात. त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तो वास आणि त्याने लोखंडाशी केलेली सोयरीक म्हणजे तो काळा रंग. चकत्या ताटलीत उघड्या ठेवल्या तर तासाभरात कडा तपकिरी व्हायला लागतात. हे बघून दोघी हरखल्या, फोटो काढले. त्या तपकिरी कडा पुढे आपल्याला छळणार आहेत हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

पहिला आकडा

आमच्याकडे मफल भट्टी आहे. त्यामुळे पहिली पद्धत सगळ्यांत स्वस्तातली. गाळ १०५ अंशांवर वाळवायचा, वजन करायचं, ५५० अंशांवर चार तास जाळायचा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतला ओलावा न शिरणाऱ्या बरणीत, गार करून परत वजन करायचं. जे घटलं ते सेंद्रिय पदार्थ, असं मानायचं. त्या सेंद्रिय पदार्थाचा ५८ टक्के भाग कार्बन, असंही मानायचं. हे दुसरं मानणं शेतमातीच्या अभ्यासातून आलेलं, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं आहे. वरच्या चकतीत घट १३.४ टक्के. त्याचे ५८ टक्के म्हणजे ७.८.

हा ५८ चा आकडा मीच त्यांना फळ्यावर लिहून दिला होता. वीस वर्षं मातीच्या प्रात्यक्षिकात तोच लिहीत आले आहे. खाडीच्या गाळाला तो चालेल का, हा प्रश्न मला पडलाच नाही.

दुसरा कागद एका खासगी प्रयोगशाळेचा. तिथल्या यंत्रात गाळाची चिमूट हजार अंशांच्या आसपास प्राणवायूत जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड थेट मोजतात. दर नमुन्याला पैसे मोजावे लागत असल्याने तीनच चकत्या पाठवल्या: वरची, मधली आणि तळाजवळची. आकडे आले २.१, १.८ आणि १.३.

भांडणाच्या तिसऱ्या दिवशी कळव्याची माझ्याकडे आलेख घेऊन आली. भांडण जिंकण्यासाठी तिने भट्टीच्या सगळ्या चकत्यांचे आकडे खोलीप्रमाणे मांडले होते. रेष वरपासून खालपर्यंत सपाट होती. वर १३.४, मध्ये १३.५, तळाजवळ १२.९.

"मॅडम, हे बरोबर नाही ना?" तिने विचारलं. स्वतःच्याच आकड्यांविरुद्ध साक्ष द्यायला ती आली होती. मला या प्रकल्पात सगळ्यांत आवडलेला क्षण हाच.

बरोबर नव्हतंच. वरचा गाळ ताजा, खालचा वर्षानुवर्षं कुजलेला. रंग बदलतो, वास बदलतो, मुळं संपतात, आणि जळणारा पदार्थ मात्र तेवढाच? याचा अर्थ भट्टीत जे जात होतं त्यातलं बरंचसं सेंद्रिय नव्हतंच.

मातीतलं पाणी

आपल्या खाडीचा गाळ सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज आहे. बेसॉल्ट झिजून जी चिकणमाती होते तिच्यात स्मेक्टाइट हे खनिज भरपूर असतं. काळी रेगड पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते ती याच्यामुळे. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी अडकलेलं असतं, आणि त्याच्या स्फटिकाच्या रचनेतच हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. १०५ अंशांवर ते सगळं जात नाही. भट्टीत ५५० अंशांवर त्यातलं बरंच जातं आणि तराजूला ते सेंद्रिय पदार्थासारखंच दिसतं. तराजूला काय, वजन घटलं एवढंच कळतं.

हे पुस्तकात असतंच. पण आमच्या चिखलात हे पाणी किती, हे पुस्तक सांगणार नाही. म्हणून एक साधा प्रयोग केला. त्याच चकत्यांचा दुसरा भाग घेतला, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अनेक दिवस गरम करत ठेवला, फेस यायचा थांबेपर्यंत. सेंद्रिय पदार्थ त्यात नाहीसा होतो. (पहिल्या दिवशी घाई करून एकदम पेरॉक्साइड ओतलं आणि काळा फेस बीकरबाहेर टेबलभर पसरला. थेंबाथेंबानं घालायचं असतं.) मग धुऊन, वाळवून तोच गाळ भट्टीत घातला. त्यात आता जळायला जवळपास काही उरलेलं नव्हतं, तरी वजन घटलं: वरच्या चकतीत ८.६ टक्के, मधल्या ९.५, तळाजवळच्या १०.२.

आलेख सपाट का होता ते इथे उलगडलं. खाली सेंद्रिय पदार्थ कमी होत होता, पण माती अधिक बारीक, अधिक चिकण होत जात होती आणि तिच्यातलं पाणी वाढत होतं. एक उतरत होता, दुसरा चढत होता, बेरीज तशीच. वजाबाकी केली तर वर ४.८, मध्ये ४.०, खाली २.७. ही रेष उतरती होती. ही वजाबाकी ढोबळ आहे. पेरॉक्साइड गाळातल्या सल्फाइडलाही खातं आणि धुण्यात मीठही जातं. पण दिशा दाखवायला पुरेशी.

तिसरा आकडा, निवाड्यासाठी

त्याआधीच दोघींनी स्वतःहून तिसरी पद्धत करून पाहिली होती. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची, कृषी महाविद्यालयांत आजही रोज चालणारी. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्लाने कार्बन जाळायचा, उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून किती उरलं ते मोजायचं. सरासरी ७५ टक्केच कार्बन जळतो असं गृहीत धरून उत्तराला १.३३ ने गुणायचं. आकडा आला २.९. म्हणजे निवाडा कुणाच्याच बाजूने नाही. आता तीन आकडे झाले.

इथे खाडीचं खारेपण आडवं आलं. ही पद्धत शेतासाठी केलेली, मिठागरासाठी नव्हे. आमच्या ओल्या गाळात निम्मं पाणी. शंभर ग्रॅम गाळात पन्नास ग्रॅम पाणी, त्यात साधारण तीन टक्के मीठ, म्हणजे दीड ग्रॅम. गाळ वाळवला की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वाळलेल्या पन्नास ग्रॅममध्ये दीड ग्रॅम, तीन टक्के. समुद्राच्या मिठात वजनाने निम्म्याहून थोडा जास्त भाग क्लोराइड. डायक्रोमेट कार्बनला जाळतं तसं क्लोराइडलाही खातं, आणि हिशोब असा की बारा भाग क्लोराइड एक भाग कार्बनचं सोंग घेतं. गाळ गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा टायट्रेशन केलं, २.७ आलं.

उरलेल्या फरकाचा धागा त्या तपकिरी कडांनी दिला. टायट्रेशनसाठी वापरलेला गाळ फ्रीझरमध्ये हवाबंद ठेवून मग झटपट वाळवलेला होता, म्हणजे त्यातलं काळं लोह सल्फाइड बरंचसं शाबूत. सल्फाइड डायक्रोमेटचा मोठा गिऱ्हाईक आहे. सल्फाइडमधला गंधक सल्फेटपर्यंत पुरता जळला तर दर एक टक्का गंधकामागे पाऊण टक्का कार्बनचा भास होतो. मिठाचा त्रास याच्यापुढे किरकोळ. तीन आठवडे उघड्यावर पडून पूर्ण तपकिरी झालेल्या त्याच चकतीच्या तुकड्याचं, तोही धुऊन, टायट्रेशन केलं तर २.३ आलं. तीन आठवड्यांत जिवाणूंनी थोडा कार्बनही संपवला असेल, त्यामुळे सगळा फरक सल्फाइडच्या माथी मारता येत नाही. तरी रोख स्पष्ट होता.

आणि १.३३? तो गुणक काढला तर १.७ उरतात. म्हणजे आमच्या गाळातला कार्बन ७५ टक्क्यांपेक्षा बराच जास्त जळत असावा, आणि गुणाकाराने आम्ही तो फुगवत होतो. पण हे म्हणायला खरा आकडा आधी हवा. तो बाहेरच्या लॅबकडून यायचा होता.

लॅबचा घोळ

माझा कल सुरुवातीपासून यंत्राच्या बाजूने होता. यंत्र थेट कार्बन मोजतं, मानणं-बिनणं नाही. पण यंत्राला सेंद्रिय आणि असेंद्रिय यांतला भेद कळत नाही. तिसऱ्यांचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यात १२ टक्के कार्बन, तोही यंत्र मोजतं. म्हणून आधी गाळ आम्लाने धुऊन कवचं विरघळवावी लागतात. लॅबने ते केलं होतं. कागदावर तळटीप होती: आम्लप्रक्रियेनंतर. बस, एवढीच.

मी फोन केला. आम्ल घालून नंतर पाण्याने धुता? हो, मॅडम. मग टक्के कशाच्या वजनावर? धुऊन वाळवलेल्या गाळाच्या. मूळ गाळाच्या नाही? तिकडे थोडा वेळ शांतता. "मॅडम, कुणी विचारत नाही असं."

हा तो घोळ. आम्लाने धुतल्यावर कवचं जातात, मीठ जातं, लोखंडाचा काही भाग जातो. आम्ही स्वतः दहा ग्रॅम गाळ तसाच धुऊन पाहिला, नऊ ग्रॅम उरला. म्हणजे लॅबचे टक्के नऊ ग्रॅमवरचे आणि आमचे दहा ग्रॅमवरचे. ०.९ ने गुणून २.१ चे झाले १.९, १.८ चे १.६, आणि १.३ चे १.२.

पण धुण्याच्या पाण्याबरोबर आम्लात विरघळणारा थोडा सेंद्रिय पदार्थही गटारात जातो. म्हणजे १.९ ही खालची बाजू. याला उलट बाजूने ताडून पाहता आलं. लॅबने न धुतलेल्या वरच्या चकतीचा एकूण कार्बनही दिला होता, २.४. तिच्यातल्या कवचांचं प्रमाण आम्ही काढलं: वजन केलेल्या फ्लास्कमध्ये आम्ल घालून किती वायू उडाला ते बघायचं. कार्बोनेट ३.३ टक्के निघालं, त्यातला कार्बन ०.४. वजा करून २.०. दोन वेगळ्या वाटांनी १.९ आणि २.०. मधला ०.१ गटारात गेला की आमच्या हातातून, ते सांगायचा मला मोह झाला नाही.

आता मागे वळून पाहिलं तर ४.८ टक्के सेंद्रिय पदार्थात १.९ कार्बन म्हणजे ४० टक्के. मध्ये ४.० मध्ये १.६, तेही ४०. खाली जरा जास्त. माझा फळ्यावरचा ५८ इथे लागूच नव्हता. चिकणमातीचं पाणी आणि हा गुणक, दोन्ही चुका एकाच दिशेला ओढणाऱ्या, म्हणून ७.८.

चौपट नव्हे, सहापट

इथवर वाचून कुणाला वाटेल, की टक्केवारीतला फरक, सुधारला आणि झालं. पण दोघींनी भांडणाच्या आधीच एक गुणाकार करून पोस्टरवर छापला होता. त्याने माझी झोप उडवली.

त्यांचा हिशोब असा. नळीच्या चकत्यांची कोरडी घनता दर घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅम. खोली ७५ सेंटिमीटर. एका चौरस मीटरखाली ५२५ किलो कोरडा गाळ. त्याचे ७.८ टक्के म्हणजे ४१ किलो कार्बन. हेक्टरला ४१० टन. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टर, गुणाकार केला: जवळपास सात लाख टन. पोस्टरवर फ्लेमिंगोचं चित्र, शेजारी सात लाख.

काकांचा सल्ला मला इथे आठवला. ०.७ ही घनता नळीतल्या दबलेल्या गाळाची, ६१ सेंटिमीटरच्या. खाडीतला न दबलेला गाळ ७५ सेंटिमीटर. दबलेली घनता न दबलेल्या खोलीने गुणली तर गाळ हवेतून पैदा होतो, जवळपास २३ टक्के जास्त. गाळ नुसता दबला असेल, बाहेर निसटला नसेल, तर नळीत आहे तेवढाच माल: ६१ गुणिले ०.७, चौरस मीटरला ४२७ किलो. आणि वरच्या चकतीची टक्केवारी पूर्ण खोलीला लावणंही गैर. तीन चकत्यांची सरासरी १.६. म्हणजे ६.८ किलो. हेक्टरला ६८ टन, ४१० नव्हे. टक्केवारीतला चौपट फरक दोन छोट्या चुकांनी सहापट केला.

मी हा हिशोब मांडल्यावर ऐरोलीची लगेच कॅल्क्युलेटर काढून १,६९० ने गुणायला लागली. तिचा हात धरला. आमची नळी अभयारण्याच्या हद्दीबाहेरची. तिचं तोंड पंचेचाळीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका बशीपेक्षाही लहान. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग. तिवरांखालचा मुळांनी भरलेला गाळ आणि आमचा उघड्या चिखलाचा गाळ एकच कसा धरायचा? २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून असे मोठे आकडे सगळ्यांनाच हवे असतात. बशीभर चिखलावरून ते देऊ नयेत, असं माझं मत आहे, आणि त्यावर मी पोस्टर फाडायला लावलं. नवीन पोस्टर छापायचे साडेतीनशे रुपये मी दिले. चूक निम्मी माझी होती.

एक गोष्ट मात्र मी त्यांना करू दिली नाही म्हणून कळव्याची अजून नाराज आहे. लॅबने नायट्रोजनही दिला होता, ०.१९ टक्के. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं प्रमाण काढलं तर साधारण १३. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींत हे ६-७ च्या आसपास असतं, जमिनीवरच्या झाडांत २० च्या वर. तिला लिहायचं होतं, की निम्मा कार्बन तिवरांचा, निम्मा समुद्राचा. ऐकायला सुरेख. पण ठाणे खाडीत सांडपाणी येतं, त्याचा नायट्रोजन वेगळा. शिवाय चिकणमातीचे पापुद्रे अमोनियमही धरून ठेवतात, तो सेंद्रिय नव्हेच, पण यंत्र मोजतं. कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं, मोजमाप केलं असतं तर तिवर आणि समुद्र यांतला फरक निदान थोडा बोलता आला असता. त्याला पैसे नव्हते. १३ आकडा प्रबंधात आहे, निष्कर्ष नाही.

परीक्षेत

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: तीन पद्धतींचे तीन आकडे का छापले, बरोबर तो एकच छापा की. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कळव्याचीने सांगितलं, की १.९ हा आम्लाने धुतलेल्या, मूळ वजनावर आणलेल्या गाळाचा आकडा आहे आणि बाकीचे दोन कुठल्या वाटेने चुकतात ते पान ४१ ते ४८ वर आहे. परीक्षकांनी ती पानं उलटली, पेरॉक्साइडच्या तक्त्यावर थांबले आणि त्यांच्या स्वतःच्या एका विद्यार्थ्याच्या जुन्या आकड्यांबद्दल मला बाजूला घेऊन विचारलं. तो गाळ रायगडच्या किनाऱ्याचा होता, भट्टीत जाळलेला, ५८ ने गुणलेला.

या जानेवारीत नवी तुकडी घेऊन पुन्हा विटाव्याला गेले. चार इंची पाइप, हातोडी घरी. काकांनी स्वतः पाइप हातात घेतला आणि दोन्ही तळव्यांनी रवी फिरवावी तसा फिरवत उतरवला. पाऊण तास लागला, पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. बाहेर ७५, आत ७१.